घड्याळ म्हणतं, झोप झाली नाही

अंगावर वागवायच्या यंत्रांविषयी प्रश्न पाठवा, असं गेल्या अंकात म्हटलं होतं. स्मार्टवॉच, श्रवणयंत्रं, पावलं मोजणारे पट्टे यांच्याबद्दल बरीच पत्रं आली. कोणतं घ्यावं, कितीला घ्यावं हे प्रश्न मी बाजूला ठेवले आहेत. ते सांगणारे जाणकार वेगळे. मी कला महाविद्यालयात सौंदर्यशास्त्र शिकवलं, आता मिरजेत राहते आणि दोन्ही कानांत श्रवणयंत्रं घालते. या बळावर जे सांगता येईल ते सांगते. बऱ्याच जणांनी नाव छापू नका असं कळवलंय, म्हणून कुणाचंच छापलेलं नाही.

प्रश्न : माझं वय ५२, शाळेत शिकवते. मुलीनं वाढदिवसाला स्मार्टवॉच दिलं. सकाळी जाग येते तेव्हा मला ताजंतवानं वाटत असतं. मग घड्याळ बघते. झोपेला १०० पैकी ५८ गुण दिसले की दिवसभर अंग जड, डोकं जड. ८०च्या वर आले की उत्साह. माझ्या झोपेबद्दल खरं कोण सांगतंय, मी की घड्याळ? — एक शिक्षिका, नाशिक

आधी घड्याळाला काय कळतं ते पाहू. ते चालू असताना काढून पालथं धरा, पाठीमागे हिरवा दिवा लुकलुकताना दिसेल. रक्त हिरवा प्रकाश शोषून घेतं. हृदयाच्या प्रत्येक ठोक्याला मनगटातलं रक्त जरा वाढतं, परत येणारा प्रकाश जरा कमी होतो, आणि त्यावरून नाडी मोजली जाते. शेजारीच हालचाल टिपणारा बारीकसा सेन्सर असतो. हात किती हलला आणि नाडी किती संथ झाली, मुख्यतः एवढ्यावरून घड्याळ झोपेचा अंदाज बांधतं. झोपेच्या तपासणीसाठी रुग्णालयात ठेवतात तेव्हा डोक्याला, डोळ्यांच्या कडांना, हनुवटीला तारा चिकटवून रात्रभर मेंदूच्या लहरी नोंदवतात. गाढ झोप किती आणि स्वप्नांची किती, हे तेव्हा कुठे ठरतं. मनगटावरून मेंदूच्या लहरी दिसत नाहीत. त्यामुळे किती तास झोपलात हे घड्याळ बऱ्यापैकी सांगेल. कशी झोपलात हे सांगताना ते अंदाजावर अंदाज रचत असतं. ५८ हा आकडा तर कंपनीच्या सूत्रातून निघालेला. दुसऱ्या कंपनीचं घड्याळ त्याच रात्रीला वेगळे गुण देईल.

पण उद्या अगदी बिनचूक घड्याळ आलं तरी तुमचा प्रश्न शिल्लक राहतोच, आणि तो मला जास्त महत्त्वाचा वाटतो. डॉन आयडी या अमेरिकन तत्त्वज्ञानं १९९०च्या सुमारास यंत्रांशी असलेल्या आपल्या नात्यांचे प्रकार मांडले. त्यातले दोन इथे कामाचे आहेत. चष्मा आपण बघत नाही, चष्म्यातून बघतो. घातला की थोड्या वेळात तो जाणवेनासा होतो. थर्मामीटर मात्र वाचावा लागतो. उबदार खोलीत बसून खिडकीबाहेरचा पारा वाचला तर बाहेर थंडी आहे हे कळतं, पण थंडी वाजत नाही. तुमचं घड्याळ या दुसऱ्या जातीचं. गोम एवढीच की इथे खिडकीच्या आतही तुम्ही आहात आणि बाहेरही तुम्हीच. जी रात्र तुम्ही स्वतः झोपून काढलीत, तिची बातमी तुम्ही सकाळी काचेतून वाचता आणि त्या बातमीची थंडी तुम्हाला खरोखर वाजते.

हा तुमच्या मनाचा कमकुवतपणा नाही. २०१४ साली अमेरिकेतल्या कोलोरॅडो कॉलेजमधल्या दोन संशोधकांनी विद्यार्थ्यांना यंत्रं लावली आणि तुमच्या झोपेची प्रत आम्ही मोजली असं सांगितलं. प्रत्यक्षात काही मोजलंच नव्हतं. काहींना झोप उत्तम झाल्याचा आकडा दिला, काहींना खराब झाल्याचा. ज्यांना खराब सांगितलं ते लक्ष आणि आकडेमोडीच्या चाचणीत मागे पडले. स्वतःला झोप कशी वाटली याच्याशी त्याचा संबंध नव्हता. २०१७ साली शिकागोच्या काही डॉक्टरांनी तर आदर्श झोपेच्या आकड्यामागे लागून झोप घालवून बसणाऱ्यांसाठी ‘ऑर्थोसोम्निया’ असं नावच सुचवलं. त्यांच्याकडे आलेले रुग्ण रुग्णालयातल्या तपासणीपेक्षा मनगटावरच्या पट्ट्यावर जास्त विश्वास ठेवत होते.

स्वतःला मोजण्याची ओढ आजची नाही. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला इटलीत सँटोरिओ नावाचा वैद्य होऊन गेला. तराजूला टांगलेल्या खुर्चीत बसून तो जेवायचा, आणि जे खाल्लं-प्यायलं आणि जे बाहेर टाकलं ते सगळं तोलायचा. हे त्यानं तीसेक वर्षं केलं. घेतलेल्या वजनाच्या मानानं बाहेर पडणारं वजन फार कमी भरतं हे त्याच्या लक्षात आलं. उरलेलं वजन त्वचेतून आणि श्वासातून नकळत उडून जातं, असं त्यानं १६१४ साली छापून प्रसिद्ध केलं. सँटोरिओबद्दल मला आदर आहे. जे कुणालाच आतून जाणवत नव्हतं ते त्यानं मोजून दाखवलं. माप इथे शोभतं. रक्तदाब आतून कळत नाही, साखर कळत नाही. ती जरूर मोजा. ताजंतवानं वाटणं मात्र तुम्हाला आतून कळतं, त्यासाठी मध्यस्थ नको.

एक करून बघा. उठल्यावर घड्याळाकडे न बघता चहा होईपर्यंत एका वहीत चार ओळी लिहा. झोप कशी लागली, स्वप्न आठवतं का, पाय जड आहेत की हलके, कुणाशी बोलावंसं वाटतंय का. ‘बरी’, ‘ठीक’ असं लिहू नका, जरा खोलात जा. घड्याळ त्यानंतर बघा. महिनाभरात तुमची वही घड्याळापेक्षा जास्त बोलकी होईल. मात्र घोरणं खूप असेल, झोपेत श्वास अडतो असं घरचे म्हणत असतील, किंवा दिवसा वर्गात डुलकी येत असेल, तर वही आणि घड्याळ दोन्ही ठेवून डॉक्टरांकडे जा.

प्रश्न : दरवर्षी आळंदीहून पायी वारी करतो. या वर्षी नातवानं घड्याळ बांधून दिलं, रोज १० हजार पावलं हवीत म्हणाला. दिवसभर चालूनही कधी कधी पावलं फारच कमी दिसायची. असं का? आणि हा १० हजारांचा नेम कुणी घातला? — एक वारकरी, बार्शी

घड्याळ पाय मोजत नाही, हात मोजतं. चालताना हाताला जो झोका बसतो त्याच्या लयीवरून ते पाऊल ओळखतं. तुमच्या हातात टाळ असेल, खांद्यावर पताका धरलेली असेल, किंवा गळ्यात वीणा असेल तर हाताची चाल पायापासून सुटते आणि घड्याळाचा हिशेब चुकतो. बाबागाडी ढकलत चालणाऱ्यांचंही असंच होतं.

१० हजारांचा आकडा जपानमधून आला. टोकियो ऑलिंपिकनंतर, १९६५ साली, तिथल्या एका कंपनीनं कमरेला लावायचं पावलं मोजणारं यंत्र काढलं आणि त्याचं नावच ‘दहा हजार पावलांचं माप’ अशा अर्थाचं ठेवलं. आकडा गोळीबंद आणि लक्षात राहणारा होता, तो जगभर पसरला. त्यामागे वैद्यकीय संशोधन नव्हतं. पुढे २०१९ साली अमेरिकेत वयस्कर बायकांचा मोठा अभ्यास झाला, त्यात रोज साधारण ४,४०० पावलांपासूनच फायदा दिसला आणि साडेसात हजारांच्या आसपास तो वाढायचा थांबला. आळंदी ते पंढरपूर सुमारे अडीचशे किलोमीटर चालणाऱ्या माणसानं नातवाला हे सांगायला हरकत नाही. वारीत घड्याळ पिशवीत ठेवा.

प्रश्न : मी चित्रकलेचा विद्यार्थी. शेवटच्या वर्षाच्या कामासाठी कपड्यांत एलईडी आणि सेन्सर शिवायचे आहेत. घालणाऱ्याच्या श्वासाबरोबर रंग बदलतील असे. आमचे सर म्हणतात, हे गॅदरिंगला ठीक आहे, प्रदर्शनाला नाही. या प्रकाराला कलेत काही परंपरा आहे का? — एक विद्यार्थी, कोल्हापूर

आहे, आणि ती तुझ्या माझ्या मोबाइलच्या कितीतरी आधीची आहे.

अत्सुको तनाका हे नाव लिहून ठेव. जपानमधल्या गुताई या गटातली चित्रकार. १९५६ साली तिनं ‘इलेक्ट्रिक ड्रेस’ केला. लाल, निळे, पिवळे, हिरवे रंगवलेले विजेचे दिवे आणि नळ्या एकत्र बांधून डोक्यापासून पायांपर्यंत झाकणारा, किमोनोसारखा दिसणारा वेश. तो लुकलुकायचा, तापायचा, आणि इतका जड होता की आत शिरलेल्या बाईला नीट हलताही येऊ नये. विजेचा धक्का बसण्याची भीती खरी होती, आणि तरी ती तो घालून लोकांसमोर उभी राहिली. युद्धात होरपळलेला जपान तेव्हा विजेच्या जाहिरातींनी झगमगू लागला होता. तनाकानं तो झगमगाट अंगावर घेतला आणि त्याचं वजन, त्याची धग, त्याचा धोका दाखवला. हे करताना तिनं दिव्यांच्या जोडणीच्या ज्या आकृत्या काढल्या, त्यांतूनच पुढची कितीतरी वर्षं तिची वर्तुळांची आणि वळणदार रेषांची चित्रं येत राहिली. तुझ्या सरांना ही चित्रं आणि तो वेश शेजारी शेजारी ठेवून दाखव.

मला मात्र त्याहून जवळची वाटते जर्मनीची रेबेका हॉर्न. २०२४ साली ती गेली. तरुणपणी शिल्पं करताना पॉलिस्टर आणि फायबरग्लासमुळे तिची फुप्फुसं खराब झाली आणि तिला बराच काळ अंथरुणावर काढावा लागला. पडल्या पडल्या करता येईल असं काम म्हणून ती कापड शिवू लागली, आणि त्यातून शरीराला जोडायच्या वस्तू आल्या. १९७२च्या एका कामात तिनं लाकूड आणि कापडाची हातभर लांब, काळी, हलकी बोटं बोटांना जोडली. ती घालून ती वाकल्याशिवाय जमिनीवरची वस्तू चाचपायची. या कामाचं चित्रण मी विद्यार्थ्यांना दाखवायचे तेव्हा सगळे आधी त्या लांब बोटांकडे बघायचे. मी त्यांना तिच्या खांद्यांकडे बघायला सांगायचे. बोटं लांबली की खांदा वेगळा वागू लागतो, मान वेगळी वळते, माणूस खोलीतल्या वस्तूंशी वेगळं अंतर राखतो. त्याच वर्षी तिनं चेहऱ्याला पट्टे बांधून त्यांच्या प्रत्येक छेदावर पेन्सिल लावली, आणि भिंतीजवळ उभी राहून मान डावी-उजवी हलवत रेघा काढल्या. तिथे चेहराच चित्र काढतो. वीज नाही, सेन्सर नाही; आणि तरी अंगावरची वस्तू माणसाचा अनुभव कसा पालटते, यावर यापेक्षा नेमकं काम मला माहीत नाही.

अलीकडचे दोघं थोडक्यात सांगते. नील हार्बिसनला जन्मापासून रंग दिसत नाहीत. २००४ साली त्यानं कवटीत अँटेना बसवून घेतली. ती समोरचा रंग टिपते आणि त्याचा सूर हाडातून कंपनं होऊन त्याला ऐकू येतो. त्याची सहकारी मून रिबास नर्तकी. जगात कुठेही भूकंप झाला की कंप जाणवेल अशी यंत्रं तिनं अंगात बसवून घेतली. एका नृत्यात ती रंगमंचावर उभी राहून भूकंपाची वाट बघायची. धरणी हलली तर ती हलायची, नाहीतर नुसती उभी. मला हार्बिसनपेक्षा रिबासचं काम मोठं वाटतं, कारण यंत्रानं तिला काय दिलं याच्या चर्चेपेक्षा तिचं थांबून राहणं प्रेक्षकाच्या अंगात उतरतं.

आणि आपल्याकडे बघायला विसरू नकोस. कथकच्या नर्तकीच्या एका पायात शंभर, दीडशे, कधी त्याहून जास्त घुंगरं असतात, सुती दोरीत एकेक गाठ मारून ओवलेली. लावणीत चाळ बांधतात. पाऊल पडल्याच्या क्षणी त्याचा नाद नाचणारीच्या कानात आणि प्रेक्षकाच्या कानात एकदमच पोचतो. मध्ये पडदा नाही, आकडा नाही, उशीर नाही. तिचं पुढचं पाऊल त्या नादावर बेतलेलं असतं. सुधा चंद्रन यांचा पाय १९८१च्या अपघातानंतर काढावा लागला आणि १९८४मध्ये त्या जयपूर फूट लावून पुन्हा नाचल्या. त्या रबरी पावलाला स्पर्श कळत नव्हता. अशा पायाचं पाऊल जमिनीवर कधी आणि किती जोरात पडलं, हे सांगण्यात घुंगरांचा वाटा काय असेल याचा विचार कर. तुझ्या कामाचा प्रश्न मला तिथे दिसतो.

आता तुझ्या श्वासाच्या कपड्याविषयी. श्वास घेतला, दिवा लागला, बघणाऱ्यानं टाळी वाजवली. इथवरच राहिलं तर सर म्हणतात ते बरोबर आहे. तो दिवा घालणाऱ्याला दिसतो का? त्यामुळे त्याचा श्वास बदलतो का? लोक बघताहेत म्हणून तो श्वास रोखतो का? त्या अवघडलेपणात काम आहे. आधी एक महिना बिनविजेचं कर. वेताच्या काड्या, जुनं सुती कापड, दोरा घे. छातीला असं काही बांध की श्वास घेतला की ते हलेल, आवाज करील, टोचेल. ते घालून घरातली कामं कर, बसनं प्रवास कर. एलईडी लागलेच तर नंतर लाव.

प्रश्न : वय ७४, निवृत्त पोस्टमन. मुलानं श्रवणयंत्र आणून दिलं. घातलं की माझाच आवाज डब्यातून आल्यासारखा वाटतो. भांडी, पंखा, वर्तमानपत्राचा कागद, सगळं अंगावर येतं. भजनात पेटीचा सूर लागला की कानात कुईकुई होतं. नातीचं बोलणं समजतं हे खरं. पण ताई, मी ऐकतोय असं वाटतच नाही. यंत्र ऐकतं आणि मला सांगतं. काढून ठेवलंय. — एक वाचक, सातारा

तुमचं शेवटचं वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. सुरुवातीच्या आठवड्यांचं इतकं अचूक वर्णन मी तरी केलं नसतं.

डब्यातल्या आवाजाचं कारण साधं आहे. दोन्ही कानांत बोटं घालून ‘ऊ’ म्हणून बघा, तसाच आवाज येईल. बोलताना आपला आवाज हाडातूनही कानाच्या नळीत येतो. एरवी तो बाहेर निघून जातो, नळी बुजली की आत घुमतो. कानात बसणाऱ्या भागाला हवेसाठी छिद्र असतं, ते मोठं करता येतं किंवा वेगळी टोपी बसवता येते. ऑडिओलॉजिस्टला, म्हणजे श्रवण तपासणाऱ्या तज्ज्ञाला, हे नक्की सांगा. भांडी आणि कागद अंगावर येण्याचं कारण वेगळं आहे. वयाबरोबर आधी बारीक, उंच पट्टीचे आवाज जातात. ‘स’, ‘श’, ‘फ’ हे त्यातलेच. ते हळूहळू जातात म्हणून गेल्याचं कळत नाही. तुमच्या मेंदूनं कागदाची सळसळ कैक वर्षांत ऐकलेली नाही. आता ती एकदम आली, आणि ती दुर्लक्ष करण्याजोगी आहे हे मेंदूला पुन्हा शिकायचं आहे.

यंत्र ऐकतं की मी, यावर तत्त्वज्ञांनी मन लावून विचार केला आहे. मार्टिन हायडेगर या जर्मन तत्त्वज्ञानं १९२७ साली चष्म्याबद्दल लिहिलं, की तो नाकावर असूनही घालणाऱ्याला समोरच्या भिंतीवरच्या चित्रापेक्षा लांब असतो, कारण लक्ष चित्राकडे असतं. फ्रान्सच्या मोरिस मर्लो-पाँतीनं १९४५ साली अंध माणसाच्या काठीचं उदाहरण घेतलं. काठी नवी असते तेव्हा तळहाताला तिचा दाब लागतो. सवय झाली की तळहात विसरला जातो आणि काठीच्या टोकाला पायरी लागते, खड्डा लागतो. जाणीव टोकापर्यंत जाऊन पोचते. तुमची जाणीव अजून तळहाताशी आहे.

ती पुढे कशी सरकते, याचं उत्तर एका प्रयोगात मिळतं. १९६९ साली पॉल बाख-इ-रिता या अमेरिकन मेंदू-संशोधकांनी अंध माणसांना दंतवैद्याच्या जुन्या खुर्चीत बसवलं. खुर्चीच्या पाठीत कंप पावणारी ४०० बारीक टोकं होती, आणि कॅमेऱ्यात दिसणारं चित्र ती टोकं पाठीवर उमटवायची. कॅमेरा दुसऱ्यानं धरला तर माणसाला नुसती पाठीवर गुदगुली व्हायची. कॅमेरा त्यानं स्वतः फिरवला की काही काळानं पाठ विसरली जायची आणि समोर टेलिफोन आहे, खुर्ची आहे असं कळू लागायचं. म्हणून यंत्र घालून खुर्चीत बसून आवाज सोसू नका. उठून चाला. नळ वाजतोय तो कुठला ते शोधत जा, पंख्याखालून बाहेर व्हा, पुन्हा आत या. नातीला दुसऱ्या खोलीतून हाक मारायला सांगा आणि तिच्याकडे वळा. पहिल्या आठवड्यात दिवसाला तासभर पुरे, मग वाढवा. पावसाळ्यात रात्री यंत्र ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या डबीत ठेवा. गोल बॅटरीचं असेल तर तिचा स्टिकर काढल्यावर एखादं मिनिट थांबून मग बसवा. ती हवेवर चालते.

पेटीच्या कुईकुईबद्दल मला जास्त सांगायचंय, कारण ते माझ्याही वाट्याला आलं. इथे सतारमेकर गल्लीत एका कारखान्यात तंबोऱ्याची जवारी काढत होते. कारागीर घोडीवर तारेखाली सुताचा दोरा केसभर पुढे-मागे सरकवून तार छेडत होते. एका जागी दोरा आला की तार खुलते, सूर फुलत जातो. माझ्या कानात मात्र षड्ज, म्हणजे ‘सा’, थरथरत होता, एका सुराचे दोन होत होते. त्यांच्या चेहऱ्यावर समाधान उमटलं आणि मला नुसतीच घरघर ऐकू येत होती. दोन्ही यंत्रं काढून मी कान तंबोऱ्याच्या भोपळ्याला टेकवला, तेव्हा तो सूर हाडातून आत आला.

याचं कारण असं की यंत्राचाच आवाज परत यंत्रात शिरला की शिट्टी वाजते. ती दाबण्यासाठी आत एक व्यवस्था असते, आणि लांबलेला एकसलग सूर तिला शिट्टीसारखा भासतो. ती सुराला शिट्टी समजून खोडायला जाते. श्रवणयंत्रं मुळात बोलणं समजावं म्हणून बनवलेली आहेत. समोरून येणारं बोलणं महत्त्वाचं, मागून येणारा गलका कमी महत्त्वाचा, आणि लांबलेला सूर संशयास्पद, असं कुणीतरी ठरवून ठेवलेलं आहे. हे ठरवणारा किराणा घराण्याच्या गाण्यात मुरलेल्या आमच्या मिरजेत राहत नव्हता. तुमच्या ऑडिओलॉजिस्टकडे भजनाची पेटी नाहीतर तिचं रेकॉर्डिंग घेऊन जा. संगीतासाठी वेगळा प्रोग्रॅम लावून मागा, त्यात ही शिट्टी दाबणारी व्यवस्था कमी करता येते. मी तसा लावून घेतला आहे. तंबोरा पूर्वीसारखा ऐकू येत नाही, पण षड्ज आता एकच आहे.

प्रश्न : माझे आई-वडील दोघंही एका महापालिकेत सफाई कामगार. त्यांना जीपीएसचं घड्याळ दिलंय. बीट, म्हणजे नेमून दिलेला भाग, सोडून गेलं तर पगार कापतात. वडील चहाला टेकले तरी मनगट झाकून घेतात. आईला बाथरूमला जातानाही वाटतं की त्यात कॅमेरा असेल. तुम्ही कला आणि तत्त्वज्ञान सांगता. याला काय म्हणाल? — एक तरुण

तुमच्या आईची भीती बऱ्याच जणींनी बोलून दाखवली आहे. नागपूर, चंदीगड, पंचकुला इथे सफाई कामगारांना अशी घड्याळं दिली गेली. कामगारांनी त्याविरुद्ध आवाजही उठवला, आणि कॅमेरा-मायक्रोफोनची, स्वच्छतागृहातल्या संकोचाची हीच तक्रार त्यात होती. नाशिकच्या बाईंच्या हातात जी वस्तू मुलीनं प्रेमानं बांधली, तीच तुमच्या आईच्या हातात बेडी होते. आतले सेन्सर बरेचसे तेच आहेत. वाचणारा बदलला, आणि काढून ठेवायची मुभा गेली.

वडील मनगट झाकतात, त्या एका हालचालीवर मिशेल फुको या फ्रेंच विचारवंतानं १९७५ साली पानंच्या पानं लिहिली. बेंथम नावाच्या इंग्रज माणसानं अठराव्या शतकाच्या अखेरीस एका तुरुंगाचा आराखडा केला होता. मधल्या मनोऱ्यातून प्रत्येक कोठडी दिसेल, पण मनोऱ्यात कुणी आहे का हे कैद्याला कळणार नाही. मग कुणी बघत नसलं तरी कैदी स्वतःच स्वतःवर पाळत ठेवतो. तुमच्या वडिलांच्या चहाच्या पाच मिनिटांत हेच घडतंय, आणि ते कैदी नाहीत.

कलाकारांनी यावर काय केलं? कॅनडाचा स्टीव्ह मान १९९०च्या दशकात अंगावर कॅमेरा लावून फिरायचा. दुकानात कॅमेरे का आहेत असं तो विचारायचा, आणि मग तुमचं चित्रण मीही करतोय म्हणायचा. दुकानातले लोक अस्वस्थ व्हायचे. पोलंडमध्ये जन्मलेल्या क्रिश्तॉफ वोदिच्कोचं काम मला तुमच्या प्रश्नाला जास्त जवळचं वाटतं. १९९२च्या सुमारास त्यानं स्थलांतरितांसाठी एक काठी बनवली. वरच्या टोकाला छोटा पडदा, त्यात काठी धरणाऱ्याचाच चेहरा आपली हकिगत सांगतोय. पडदा इतका लहान की बघायला अनोळखी माणसाला जवळ यावं लागे, आणि जवळ आलं की शेजारी उभा असलेला खरा माणूस दिसे. अंगावरचं यंत्र तिथे माणसाची बातमी वर पाठवत नाही, त्याला बोलायला जागा करून देतं. तुमच्या वडिलांचं घड्याळ ते कुठे उभे होते हे नोंदवतं. ओल्या कचऱ्याची पाटी किती जड होती, हातमोजा कधी फाटला, गटाराचं झाकण उघडल्यावर कसा वास आला, हे नोंदवत नाही. ही नोंद तुम्ही करा. आईवडिलांच्या आवाजात मोबाइलवर रेकॉर्ड करा, त्यांना हवं असेल तरच, आणि ती कुणाला ऐकवायची हे त्यांनाच ठरवू द्या.

आता रोजच्या लढाईचं. खासगीपण हा मूलभूत अधिकार आहे, असं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी २०१७ साली एकमतानं म्हटलं आहे. २०२३च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात मात्र नोकरीच्या कारणासाठी मालकाला वेगळ्या संमतीविना माहिती वापरायची मोकळीक ठेवलेली आहे. त्यामुळे ‘आम्ही हो म्हटलं नव्हतं’ एवढ्यावर एकट्यानं भांडू नका, युनियनमार्फत लेखी विचारा. घड्याळात मायक्रोफोन किंवा कॅमेरा आहे का, नोंदी कोण बघतं, किती दिवस ठेवतात, ठेकेदाराकडे जातात का, आणि पाळी संपल्यावर घड्याळ हजेरी चौकीवर जमा करता येईल का. उंच इमारतींच्या गल्लीत उपग्रहाचे संकेत भिंतींवर आपटून येतात आणि जागा चुकीची दिसू शकते. माणूस बीटवर असूनही बाहेर दाखवला जाऊ शकतो. केवळ घड्याळाच्या नोंदीवर पगार कापू नये ही मागणी त्या आधारावर करा. कपात झालेल्या प्रत्येक दिवसाची तारीख, वेळ, वडील प्रत्यक्षात कुठे होते आणि सोबत कोण होतं, हे वहीत लिहा. मुकादमाची सही मिळाली तर उत्तम. आईच्या प्रश्नाला सगळ्यांत आधी उत्तर मागा. ते लेखी येईपर्यंत बाथरूमला जाताना घड्याळ काढून मुकादमाकडे ठेवायची परवानगी सगळ्या बायकांनी मिळून मागावी, एकटीनं नको.